सोमवार ते रविवार : कोर्लईच्या मराठी शाळेची हकिकत

कोर्लईच्या माउंट कार्मेल धर्मग्रामाची स्मरणिका निघत आहे आणि गावातील मराठी प्राथमिक शाळेच्या इतिहासावर तीत माझा लेख असावा, असे संपादक मंडळींनी कळविले तेव्हा मला जितका आनंद झाला तितकाच संकोचही वाटला. कारण मी या धर्मग्रामाचा नव्हे, मुरुडच्या एका हिंदू घरातला, आणि या गावाशी माझा संबंध आला तो केवळ शिक्षकाच्या नोकरीने. परंतु ती नोकरी मी पत्करली तेव्हा कुंडलिकेच्या खाडीवर पूल नव्हता आणि ती संपली तेव्हा पुलावरून एस.टी. धावू लागून पुष्कळ वर्षे लोटली होती. या दोन काळांच्या मधली शाळा ज्यांनी रोज पाहिली अशी माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहावयास बसलो आहे. इमारतीच्या दुरुस्त्या, शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या, पटावरील संख्या हा जो इतिहास दप्तरात सापडतो तो तारीखवार लावून देण्याचे काम संपादकांनी दुसऱ्या हातांकडे सोपविले आहे. माझ्याकडे आला आहे तो शाळेचा आठवडा : सोमवारी सकाळी घंटा होते तेथपासून रविवारी चर्चची घंटा होते तेथपर्यंत या गावातले मूल काय शिकत असे, कोणत्या भाषेत शिकत असे आणि शिकून कोठवर पोहोचत असे, एवढाच माझा विषय.

त्या आठवड्याचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी गावाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कोर्लई आज मुरुड तालुक्यात मोडत असली तरी मुरुडचा आणि तिचा भूतकाळ एक नाही. मुरुड हे सिद्दीच्या जंजिरा संस्थानचे ठाणे. ते संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत तेथे नबाबाचा अंमल होता. कोर्लईचे नशीब मात्र खाडीपलीकडच्या चौल-रेवदंड्याशी बांधलेले. पोर्तुगिजांनी १५२१ च्या सुमारास चौलास आपले ठाणे घातले आणि खाडीच्या मुखावर समुद्रात घुसलेला जो चिंचोळा डोंगर आहे, त्यावरील निजामशाही किल्ला १५९४ मध्ये मोठ्या रक्तपाताने हस्तगत केला. जवळजवळ दीडशे वर्षांनी, वसईच्या पाडावानंतर, १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई ही दोन्ही ठिकाणे मराठ्यांच्या हवाली झाली. अधिकारी, सैनिक आणि मातब्बर कुटुंबे गलबतांवर चढून निघून गेली. ज्यांना जाण्याचे साधन नव्हते, ज्यांची शेते आणि जाळी येथेच होती, ते एतद्देशीय ख्रिस्ती लोक डोंगराच्या पायथ्याशी राहिले. आपला धर्म त्यांनी सोडला नाही, आणि चौलच्या तटाआड पोर्तुगीज शिपाई, त्यांच्या घरची बायामाणसे आणि चाकर यांच्या व्यवहारातून जी मिश्र बोली जन्मास आली होती तीही सोडली नाही. गाव तिला ‘नौ लिंग’ म्हणते. अर्थ एवढाच की ‘आमची भाषा’. जेमतेम हजाराच्या घरात असलेल्या माणसांनी, लिपी नाही, ग्रंथ नाही, दरबार नाही, अशा स्थितीत दोनशे-अडीचशे वर्षे एक भाषा केवळ चुलीपाशी आणि अंगणात जिवंत ठेवली, ही गोष्ट मला तेव्हाही अद्भुत वाटे आणि आजही वाटते.

हे मला नेमणुकीचा हुकूम हाती पडला तेव्हा ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी पहिलीच्या वर्गात उभे राहून मी मुलांना त्यांच्या घरात कोण कोण आहे हे विचारले, आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी माझ्याकडे पाहून हसली व मागे वळून आपल्या भावंडाशी असे काही बोलली की त्यातला एक शब्दही मला उमगला नाही. मुरुडात कोकणी मुसलमानांची बोली ऐकत, आगरी-कोळ्यांची बोली ऐकत मी वाढलो होतो. आपल्या किनाऱ्यावरच्या सर्व वाणी आपल्या कानास ओळखीच्या आहेत असा माझा समज होता. तो त्या सकाळी मोडला. त्याच वर्गात कोळीवाड्यातील मुलेही बसत. त्यांची घरची भाषा मराठीचीच लेक, तरी पुस्तकी मराठी त्यांनाही अर्धी परकीच होती. असा तो वर्ग : काहींना पुस्तकाची भाषा परकी, काहींना अर्धी परकी, आणि त्यांच्यापुढे उभा राहणारा मास्तर ती आपली मायबोली म्हणून निश्चिंत.

प्रारंभी मी एक चूक केली आणि या लेखात ती सांगितली पाहिजे. शाळेच्या उंबरठ्याच्या आत मराठीखेरीज काही बोलावयाचे नाही, असा नियम मी माझ्या वर्गापुरता घातला. कोणाही वरिष्ठाने मला तसे सांगितले नव्हते. मुलांचे हित त्यात आहे असे मला मनापासून वाटत होते. त्याचा परिणाम असा झाला की महिनाभरात वर्ग शांत झाला, आणि ती शांतता शिस्तीची आहे अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. मुले बोलेनाशी झाली होती. एके दिवशी मधल्या सुट्टीत एक वयस्क बाई आपल्या नातवाचा हात धरून आली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, “गुरुजी, हा घरी पण बोलत नाय.” एवढेच बोलून ती गेली. दुसऱ्या दिवसापासून तो नियम मी काढून टाकला, आणि मुलांची भाषा आपण निदान कानाने तरी ओळखावी म्हणून मी ती लक्षपूर्वक ऐकू लागलो.

ऐकता ऐकता जे ध्यानात आले ते अध्यापनाच्या दृष्टीने फार उपयोगाचे निघाले. मुलांची घरची भाषा शब्दांनी पोर्तुगीज कुळातली असली तरी तिचे वाक्य मराठीच्या चालीने चालते. कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी. म्हणून वाक्यरचना मुलांना शिकवावी लागत नसे, ती त्यांना उपजत येई. अडे ते लिंगापाशी. त्यांच्या बोलीत विशेषणाला लिंगाप्रमाणे बदलावे लागत नाही, क्रियापद पुरुषाप्रमाणे वा लिंगाप्रमाणे रूप पालटत नाही. आणि आपल्या मराठीत तर तो समुद्र, ती खाडी आणि ते पाणी! एकाच ओंजळीत मावणाऱ्या वस्तूला तीन लिंगे का, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ‘तो शाळा’, ‘माझा आई आला’ अशी वाक्ये चौथीपर्यंत कानांवर येत. पूर्वी अशा वाक्यांवर मी तांबडी रेघ ओढीत असे. पुढे मी त्यांचा खेळ केला. रोज पाच वस्तू वर्गात आणावयाच्या, शंख, शिंपली, जाळ्याचा तुकडा, नारळाची करवंटी, वल्हे, आणि प्रत्येकीला तो, ती, ते यांपैकी कोणत्या घरात बसवावयाचे हे गटाने ठरवावयाचे.

पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक निरीक्षण समजले तेव्हा मला वर्गातल्या त्या दिवसांची आठवण होऊन गहिवरून आले. मराठीतून उसने घेतलेल्या धातूंसाठी या बोलीने क्रियापदांचा एक निराळा वर्गच निर्माण केला आहे, जुन्या पोर्तुगीज वर्गांच्या शेजारी मांडलेला. म्हणजे मराठीला घरात घेताना या गावाने तिच्यासाठी स्वतंत्र खोली बांधली होती. मराठीने तरी दुसरे काय केले आहे? पगार, चावी, फीत, बटाटा, पाव, लिलाव, घमेले, पाद्री, नाताळ, हे शब्द आज कोणास परके वाटतील? गोव्याचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दलगादो यांनी १९१३ मध्ये पोर्तुगीज शब्दांचा आशियाई भाषांवरील प्रभाव दाखविणारा कोश सिद्ध केला. त्यात आपली मराठी मोठ्या मानाने बसलेली आहे. असे शब्द मी फळ्यावर लिहीत असे आणि मुलांना सांगत असे की, हे तुमच्या घराकडून आमच्या घरी आलेले पाहुणे. त्या दिवशी कोर्लईची मुले फळ्याकडे ज्या दृष्टीने पाहत ती दृष्टी मी विसरलेलो नाही.

आता आठवड्याकडे वळतो. सोमवार हा आमच्या शाळेत जड वार. आदल्या दिवशीची मिस्सा, पाहुणे, नव्या कपड्यांचा सोस यांतून मुलांचे मन परत आणावयास दुपार उजाडे. प्रार्थना, प्रतिज्ञा, हजेरी, मग गणित. कारण गणिताला भाषा कमी लागते आणि सोमवारी मुलांची जीभ अद्याप घरची असते. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे कामाचे दिवस. बालभारतीची पुस्तके, पाटीवरचे शुद्धलेखन, पाढ्यांची सामुदायिक उजळणी. (पाढे मात्र ही मुले फार सुरेल म्हणत, त्याचे कारण मला उशिरा कळले, ते पुढे येईल.) शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी बालसभा. अध्यक्ष मुलांतलाच, आभार मानणारी मुलांतलीच. अध्यक्षाची खुर्ची मास्तरची असल्यामुळे तीत बसलेल्या पोराचे पाय जमिनीला टेकत नसत.

परंतु कोर्लईचा आठवडा केवळ पंचांगातल्या वारांनी चालत नसे; समुद्राचा स्वतःचा आठवडा त्याला आडवा छेद देई. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, प्रवाह जोराचा असतो, आणि खुंटांना बांधलेल्या डोल जाळ्यांत मासळी सापडते ती त्याच प्रवाहाने. त्या चार-सहा दिवसांत कोळीवाड्यातली मोठी मुले शाळेत दिसत नसत. मासळी निवडावयाची, सुकत घालावयाची, राखावयाची, हे सारे हात घरी लागत. भांगाचे दिवस आले की वर्ग पुन्हा भरत असे. तपासणीस साहेब आले आणि नेमके उधाण असले म्हणजे पटाच्या मानाने हजेरी कमी का, हा प्रश्न ठरलेला. एका वर्षी मी हजेरीपत्रकाच्या समासात प्रत्येक दिवसाची तिथी लिहून ठेवली आणि ते पत्रक साहेबांपुढे ठेवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले व शेऱ्याच्या वहीत काही न लिहिता मला परत दिले. पुढे उधाणाच्या दिवसांत कठीण धडा घ्यावयाचा नाही, हा आमच्या वर्गाचा अलिखित शिरस्ताच झाला. आमच्या या किनाऱ्याला अनेक आठवड्यांची सवय आहे, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. मुरुडात जुम्याच्या दुपारी बाजार मंदावतो. रेवदंड्याकडच्या बेने इस्राएल तेल्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी फिरत नसे. आणि कोर्लईत रविवारी कोणी नांगर धरत नसे. एकाच खाडीच्या काठावर शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तीन विश्रामवार पाळणारी माणसे शतकानुशतके शेजार करून राहिली.

शनिवारची शाळा सकाळची, आणि सर्व वारांत मला तोच प्रिय. प्रथम कवायत आणि लेझीम. मग वर्ग झाडणे, फुटलेली जमीन चोपून सारवणे, दारावर तोरण. नऊ-साडेनऊच्या सुमारास उन्हाची तिरीप दारातून आत येऊन ओल्या सारवणावर पडे आणि सगळ्या शाळेला मातीचा व शेणाचा स्वच्छ वास येई. साडेदहाला शाळा सुटत असे, पण चार-पाच मुले मागे राहत. ती का राहत, हे सांगावयाचे म्हणजे चर्चमध्ये झालेल्या एका मोठ्या बदलाकडे वळावे लागते.

१९६० च्या दशकापर्यंत कोर्लईच्या चर्चमधील उपासना लॅटिनमध्ये होत असे, आणि धर्मगुरूंच्या तोंडून गावाच्या कानी पडे ती पोर्तुगीज. किल्ल्यावरचे निशाण उतरून सव्वादोनशे वर्षे झाली तरी पोर्तुगीज भाषेचा एक धागा तेवढा वेदीपाशी टिकून होता. व्हॅटिकनची दुसरी महासभा १९६२ ते १९६५ या काळात भरली, उपासना लोकभाषेत करण्यास तिने मुभा दिली आणि कोर्लईत त्या जागी मराठी आली. धर्मगुरूंनी मराठीत मिस्सा करणे हा त्यातला एक भाग. दुसरा भाग असा की शास्त्रवाचन आता वेदीजवळच्या वाचनपीठावरून श्रद्धावंतांपैकी कोणी तरी करावयाचे होते. गावातल्या वडील मंडळींना अक्षरओळख बेताची. मराठी छापील मजकूर खड्या आवाजात, अडखळल्यावाचून वाचू शकेल अशी माणसे घरोघर शोधली तर सापडत ती शाळेत जाणारी मुले. म्हणून तर शनिवारी शाळा सुटल्यावर चार-पाच मुले मागे राहत. फादरांनी दुसऱ्या दिवशीच्या वाचनाची चिठ्ठी पाठविलेली असे. मी ते पान काढीत असे आणि मुले एकामागून एक उभी राहून वाचीत असत.

हे काम माझ्या नोकरीत मोडत नव्हते. माझ्या धर्माचेही ते नव्हते. पण भाषेच्या शिक्षकाला याहून मोठे भाग्य ते कोणते? पुस्तकातला धडा मूल शिक्षकासाठी वाचते. येथे सात-आठ वर्षांचे पोर साऱ्या गावासाठी वाचणार होते, आणि बाकावर बसलेली त्याची आजी त्या वाचनावर आपला रविवार सोपविणार होती. जोडाक्षरांची खरी कसोटी मी येथे पाहिली. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे नाव नीट निघेपर्यंत दोन शनिवार गेले. ‘थेस्सलनीकाकरांस पत्र’ या शब्दांपाशी तर भलीभली मुले थांबत. मग मी तो शब्द फळ्यावर तोडून लिहीत असे, टाळ्यांच्या ठेक्यावर त्याचे तुकडे म्हणवून घेत असे आणि शेवटी सारी मुले तो पाढ्यासारखा म्हणत. हीच मुले चर्चच्या गायकवृंदात गात, आणि पाढे इतके सुरेल का येत याचा उलगडा मला याच शनिवारांनी केला. एकाच वेळी श्वास घेणे, एकाच वेळी थांबणे, दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळणे ही विद्या त्यांना चर्चने दिली होती. शाळेने तिच्यावर सतराचा पाढा बसविला.

मुलांना हाकारून शिकविण्याची ही रीत कोकणात जुनी आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरले आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत हिंडले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्यांच्यामागून १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी तर मराठीचे वैभव ओळखून ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रोमी लिपीत छापले गेले. अकरा हजारांच्या जवळपास ओव्यांचा तो ग्रंथ शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरीत प्रसिद्ध केला, आणि त्याची एक प्रत मी मुरुडहून कोर्लईस नेली होती. ज्ञानेश्वरीच्या छंदात येशूची कथा आहे हे ऐकून कोळीवाड्यातील मुले चकित झाली, ख्रिस्ती मुले म्हणाली, “म्हणजे गुरुजी, ही आधीपासून आमची पण?” त्या प्रश्नाचे उत्तर मी ‘होय’ असे दिले. आजही तेच देईन.

रविवारी मी सहसा मुरुडास घरी जात असे. परंतु पावसाळ्यात रस्ता खचला किंवा एस.टी. आली नाही म्हणजे गावातच मुक्काम पडे. मग सकाळी चर्चच्या घंटेने जाग येई. मिस्सेपूर्वी मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग. प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करणारी मुले एका बाजूस, दृढीकरणाची मोठी मुले दुसऱ्या बाजूस. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्यास शुभ्र पोशाखातली मुलेमुली रांगेने चालू लागली की आपल्या वर्गातली हीच का ती चिखलाने माखलेली पोरे, असे वाटून जाई. माउंट कार्मेलच्या मातेचा सण १६ जुलैचा, म्हणजे ऐन आषाढ-श्रावणाच्या सुमाराचा. समुद्र खवळलेला, होड्या ओढून शाकारलेल्या, आणि मुंबईस नोकरीधंद्यानिमित्त गेलेली माणसे पावसातून चालत गावात आलेली. त्या दिवशी शाळेच्या हजेरीपत्रकास काही अर्थ नसे. कोळीवाड्यातलीही मुले नव्या कपड्यांत चर्चपाशी दिसत, आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिला जाई तेव्हा चर्चजवळची मुले किनाऱ्यावर दिसत.

विद्यार्थ्यांच्या यशाचा उल्लेख स्मरणिकेत असावयासच हवा. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा ही त्या काळी प्राथमिक शाळेची प्रतिष्ठा. परीक्षेचे केंद्र गावाबाहेर. पहाटे कंदील घेऊन निघावयाचे, मुलांच्या फडक्यात भाकरी आणि सुकट बांधलेली, आणि पेपर सुरू होण्यापूर्वी घाटी बोलणाऱ्या, शहरी बोलणाऱ्या मुलांच्या गर्दीत आमच्या मुलांनी एकमेकांशी ‘नौ लिंग’मध्ये कुजबुजून धीर एकवटावयाचा. ज्या वर्षी आमच्या शाळेची पहिली मुलगी शिष्यवृत्तीस पात्र ठरली त्या वर्षी तिच्या घरच्यांनी गावात साखर वाटली. त्या मुलीला मराठीच्या पेपरात लिंग ओळखण्याचा प्रश्न आला होता, आणि बाहेर येताच तिने मला पहिली बातमी दिली ती हीच : “गुरुजी, तिन्ही बरोबर आले.” धावण्याच्या शर्यतीत आमची मुले वाळूवर धावून तयार झालेली असल्यामुळे मैदानावर त्यांना सहसा कोणी गाठत नसे. समूहगीतात तर आमच्या शाळेचे नाव पुकारले की इतर शाळांचे गुरुजी पुढे सरसावून बसत.

परंतु यशाची वाट चौथीपाशी खाडीच्या काठावर येऊन थांबे. पुढचे हायस्कूल रेवदंड्यास किंवा इकडे मुरुडास. मुरुडच्या सर एस. ए. हायस्कुलात जावयाचे तर काशीद-नांदगावचा लांबचा रस्ता; रेवदंड्यास जावयाचे तर रोज तरीने खाडी ओलांडावयाची. मुलगे जात. मुलींच्या बाबतीत आया खाडीकडे पाहत आणि नको म्हणत. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, शाळेची घंटा सरकत नाही. संध्याकाळी तर चुकली म्हणजे मुलगी पलीकडच्या काठावर अंधारात उभी. त्या भीतीला कोण नावे ठेवील? १९८६ मध्ये साळाव आणि रेवदंडा यांना जोडणारा पूल झाला, आणि त्यानंतरच्या जूनमध्ये आमच्या शाळेतून गेलेल्या मुली दोन वेण्या घालून, दप्तर छातीशी धरून एस.टी.च्या थांब्यावर उभ्या राहिल्या. शाळेच्या इतिहासात एक दिवस सुवर्णाक्षरांनी लिहावयाचा असेल तर तो मी हा मानतो. त्यांतल्या काही पुढे परिचारिका झाल्या, काही शिक्षिका झाल्या, आणि एक तर मराठी हाच विषय घेऊन पदवीधर झाली.

पुलावरून मुली गेल्या आणि त्याच पुलावरून मराठी घराघरांत आली, हे मी लपविणार नाही. साळावला कारखाना झाला, नोकऱ्या आल्या, परगावच्या सुना आणि परगावचे व्यवहार आले. आणि मूल शाळेत मागे पडू नये म्हणून आईबाप त्याच्याशी जन्मल्यापासून मराठीच बोलू लागले. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत पहिलीला येणारे मूल लिंगाच्या चुका करीनासे झाले. ज्यासाठी मी वर्षानुवर्षे शंख-शिंपले मांडले ते आपोआप घडून आले, आणि त्या वर्गात बसून मला प्रथमच असे वाटले की, आपण काही तरी हरवून बसलो आहोत. मराठी शिकविल्याचा मला लेशमात्र पश्चात्ताप नाही. वसईजवळच्या नंदाखालसारख्या गावात मराठी शिकून मोठे झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या दिवशी मी कोर्लईच्या माझ्या मुलांची आठवण काढून पेढे वाटले होते. पण वसईच्या ख्रिस्ती माणसाने आपली सामवेदी किंवा वाडवळी बोली घरात राखली आणि मराठीत ग्रंथ लिहिले; तसे येथेही का होऊ नये? मी शाळेत असताना उशिरा का होईना एक गोष्ट केली : शनिवारच्या वाचनानंतर एखाद्या आजीला बोलवावयाचे, तिने ‘नौ लिंग’मध्ये गोष्ट सांगावयाची आणि मुलांनी ती देवनागरीत आपल्या वहीत उतरवून घ्यावयाची. त्या वह्या कोणाच्या घरी पेटीत, फळीवर असतील तर त्या या स्मरणिकेच्या संपादकांकडे द्याव्यात, अशी या लेखाच्या निमित्ताने माझी सर्व माजी विद्यार्थ्यांना हात जोडून विनंती आहे. अक्षर कितीही गिचमिड असो. ती त्या भाषेच्या मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाने आहेत.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या रविवारी मी मुरुडास गेलो नाही. फादरांनी मिस्सेस बोलाविले होते. मी शेवटच्या बाकावर बसलो. वाचनपीठावर तिसरीतली एक मुलगी गेली. तिची उंची पुरेना म्हणून कोणी तरी पायाखाली लाकडी पाट सरकविला. वाचन नेमके थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातले होते, आणि शनिवारी ती त्या नावापाशी तीनदा अडखळली होती. तिने श्वास घेतला, उजव्या हाताची बोटे पीठाच्या कडेवर ठेवली, आणि आम्ही फळ्यावर जसा तोडला होता तसा तो शब्द बोटांच्या ठेक्यावर, कोणास ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या हाताने वाजवीत, संबंध म्हटला. माझ्या पुढच्या बाकावर तिची आजी होती. तिने शेजारणीच्या कानाशी लागून आपल्या भाषेत काही विचारले. शेजारणीने मागे वळून माझ्याकडे बोट केले. आजीने मान वळवून मला पाहिले, पदर सावरला, आणि पुन्हा वेदीकडे तोंड करून नातीचे वाचन ऐकू लागली.